कर्नेलला न विचारता दिलेलं उत्तर

सर,

तुमच्या हातची एक ओळ या महिन्यात माझ्या वाचनात आली आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. भूगावहून ऑफिसला जाताना गाडीत, भाजी निवडताना, अंघोळ करताना. नवरा विचारतो, कुणाशी बोलतेस गं? मी म्हणते, कुणाशी नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, हे मलाही कळतं. पण गेलेल्या माणसानं तरी मागे काय लिहून ठेवावं याला काही धरबंध हवा की नाही? म्हणून म्हटलं, एकदाचं कागदावर काढते. हातानं लिहितेय. तुम्ही दिलेल्या कीबोर्डवर तुम्हालाच शिव्या घालणं बरं दिसणार नाही.

त्या बाटल्या भरायच्या मशीनचं काम पुन्हा आलंय. पिरंगुटच्या कारखान्यातलं, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या इवल्या बाटल्या भरणारं. मशीन चालवणारा जुना सर्किट बोर्ड आता बाजारात मिळत नाही, म्हणून सगळं सॉफ्टवेअर नव्या बोर्डवर चढवायचंय, आणि त्या वेळच्या टीमपैकी कंपनीत उरलेली मी एकटी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. तुमचा भाग तेव्हा आम्हाला बंद डब्यासारखा तयार मिळायचा. आतलं लिखाण वाचायची मुभा तुमच्याशिवाय कुणाला नव्हती. या वेळी तो डबा पहिल्यांदा उघडला. माझ्याबरोबर ओडिशाची एक इंजिनिअर आहे, चांगली पंधरा वर्षं काम केलेली. तिनं मला हाक मारली, "मॅम, ये कौनसी लँग्वेज है? ट्रान्सलेटर में डाला, कुछ ढंग का निकला नहीं." निघणार कसं? आपल्या टीमची रीतच होती ती. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळू नये अशी गोष्ट असली की कोडमधल्या ओळीशेजारचा शेरा मराठीत लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत, तोही आपापल्या गावच्या बोलीत. "हे का चालतं ते म्हाईत न्हाई, हात लावू नये." असले शेरे लिहून आपण किती हसायचो. तुमचा शेरा साध्या मराठीत लावला तर असा होता: "हे खोटं आहे. या बोर्डवर खरं उत्तर दहा मिलिसेकंद. वेळ मिळाला की कर्नेलला विचारून घेणे. तोवर कुणाला सांगू नये." खाली तुमची आद्याक्षरं आणि तारीख. मशीन कारखान्यात बसलं त्याच्या दोन महिने आधीची तारीख. मी तीनदा वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "कुछ नहीं, पुराना नोट है," म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

तुम्ही आमच्या जांबे गावातल्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांनी शेताच्या कडेला खोल्या बांधल्या होत्या आणि आईचा सगळा दिवस भाडेकरूंशी डोकं लावण्यात जायचा. तुमची बायको-मुलं लातूरकडे गावी, तुम्ही एकटे. महिनाभर डबा खाऊन तुमचं पोट बिघडलं, तेव्हा आईनं जिन्यातच तुम्हाला अडवलं. "सायेब, उद्यापसनं हितं खाली जेवा. त्यो डबा आमचं कुत्रं बी हुंगायचं न्हाई." तुम्ही लाजलात, दोन दिवस नाही म्हणालात आणि तिसऱ्या दिवशी ओट्याजवळच्या स्टुलावर येऊन बसलात. मग ते स्टूल तुमचंच झालं. तुम्ही आईला 'वहिनी' म्हणायचात आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी दर वेळी विचारायचात, "वहिनी, तुमचं झालं का?" या एका प्रश्नावर आई तुमच्यावर जीव टाकायची. वडिलांनी तो प्रश्न तिला जन्मात विचारला नव्हता.

मी त्याच ओट्यावर वही ठेवून अभ्यास करायचे. तुम्ही जेवता जेवता डोकावलात आणि म्हणालात, हे चुकीचं शिकवलंय तुला. तिथून सुरुवात. पाण्याच्या पाटीची आठवण आहे ना? बोअरची मोटर आई लाइट असेल तेव्हा लावायची आणि वरून एकेक जण उतरून यायचा, "आंटी, पानी कब आयेगा?" दिवसातून वीस वेळा. आई कावून गेली. "ह्यांच्या तोंडाला तोंड देऊ का भाकरी थापू?" तुम्ही माझीच शाळेतली पाटी शोधून काढलीत आणि जिन्यात खिळ्याला लावलीत. पाणी किती वाजता, ते आईनं खडूनं लिहायचं. ज्याला हवं त्यानं आपल्या मजल्यावरून वाकून वाचायचं. खाली यायचं कारण नाही. आणि वर्षभरानं मला घड्याळाचं शिकवताना तुम्ही त्याच पाटीकडे बोट केलंत. "कर्नेल म्हणजे मशीनचा गाभा. म्हणजे तुझी आई. सगळं तिच्या हातात. प्रोग्रॅम म्हणजे वरचे भाडेकरू. किती वाजले हे विचारायला प्रत्येकानं दर वेळी खाली उतरायचं म्हणजे खेप पडते, आणि मशीनच्या मापात ती खेप लांबची असते. म्हणून कर्नेल प्रत्येक प्रोग्रॅमच्या खोलीत एक पान लावून ठेवतो आणि वेळ त्याच्यावर लिहीत राहतो. प्रोग्रॅमनं बसल्या जागी वाचायचं. विचारायचंच नाही." कॉलेजच्या चार वर्षांत असं कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा ठरवून टाकलं, करायचं तर हेच, मशीनच्या गाभ्याजवळचं काम.

पण त्याच दिवशी तुम्ही आणखी एक म्हणाला होतात, तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला पळवाट नको. एकदा लाइट गेली होती तरी पाटीवर 'सात वाजता' तसंच राहिलं होतं. वरचा एक पोरगा डोक्याला साबण चोळून बसला आणि नळाला थेंब नाही. त्यानं हिंदीत जो काही उद्धार केला तो अख्ख्या आळीनं ऐकला. तुम्ही म्हणालात, "पान वाचणाऱ्याचा त्यात काय दोष? लिहिणाऱ्यानं बघून लिहायचं. न बघता लिहिलं की गेलं." मी एकदा रिपोर्टमध्ये 'अंदाजे दोन सेकंद' असं लिहिलं, तर तुम्ही तो कागद आईसमोर फाडलात. "अंदाजे हा शब्द माझ्यासमोर आणायचा नाही. मशीनला विचार, मग बोल." मला रडू आलं होतं. आई म्हणाली, "लई कडक मास्तर हाय गं बाई." मला त्याचाही अभिमान वाटला. इतकी मी तुमची भक्त होते.

मग तुम्हीच तुमच्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू लावलात. आईला माझं लग्न उरकायचं होतं. तिला तुम्ही स्टुलावर बसून तासभर समजावलंत. दोन वर्षांत मी तुमच्या टीममध्ये आले आणि पिरंगुटचं ते मशीन आलं. बाटलीत औषध सोडायची झडप सेकंदाच्या हजारांशांत मोजून उघडायची आणि मिटायची. पस्तीस म्हणजे पस्तीस. तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, सर, मशीन सुरू व्हायच्या आधी आपण त्याच्या घड्याळाला एक प्रश्न विचारू. किती वाजले हा नाही, दुसरा: बाबा रे, तुझं घड्याळ किती बारीक आहे? म्हणजे लहानात लहान किती वेळ तुला मोजता येतो? हजारांशापेक्षा जाड मोजत असशील तर सुरूच होऊ नकोस. तुम्ही खूश झालात. म्हणालात, "हा चेक तुझा. तूच लिही." आणि हा दुसरा प्रश्नही कर्नेलकडे न जाता त्या पानावरूनच सुटावा, अशी सोय तुम्ही तुमच्या डब्यात केलीत. खेप वाचली. मी तुम्हाला विचारलं होतं, सर, ते उत्तर कर्नेलनं लिहिलेलं आहे ना? तुम्ही चहा पीत होता. कप खाली न ठेवता म्हणालात, "हो मग. मी बघितलंय."

आता मला माहीत आहे तुम्ही काय केलं होतंत. ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर उत्तर एक नॅनोसेकंद यायचं, सेकंदाचा अब्जावा भाग. तेच तुम्ही डब्यात कायमचं लिहून टाकलंत. वेळ खडूनं लिहिलेली होती, क्षणाक्षणाला बदलणारी. हे उत्तर मात्र ऑइलपेंटनं रंगवलेलं. आणि कारखान्याच्या त्या स्वस्तातल्या बोर्डवर बारीक टायमर बंदच होता. तिथला कर्नेल सेकंदाला शंभरदाच डोळे उघडायचा, म्हणजे दहा-दहा मिलिसेकंदांच्या उड्या. माझा चेक विचारायचा, किती बारीक? तुमची ओळ कर्नेलपर्यंत न जाताच सांगायची, एक नॅनोसेकंद. चेक म्हणायचा, मग काय प्रश्नच नाही, चालू दे. पस्तीसला मिटायची झडप कधी चाळिसाला मिटली, कधी पन्नासाला. कारखान्यातल्या सुपरवायझरचा फोन मला आला. उरवड्याचा माणूस, शांतपणे म्हणाला, "मॅडम, बाटल्या वाहत्यात. बूच लावलं की वरनं गळतंय. तुमी या, नाहीतर मी बंद करतो." कुणाला काही झालं नाही, माल बाहेर गेलाच नव्हता, तेवढं देवानं बघितलं. पण तीन दिवसांचं औषध ओतून दिलं त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग लागली.

त्या मीटिंगमधलं सगळं मला आजही दिसतं. लांब टेबल, एसीचा गारठा, समोर मोठे साहेब, स्क्रीनवर परदेशातले दोघं. साहेब विचारतात, घड्याळ जाड असेल तर मशीन थांबायला पाहिजे होतं, थांबलं का नाही? हा चेक कुणाचा? तुम्ही टेबलावरच्या पेनाचं टोपण काढता, पुन्हा लावता. म्हणता, "चेक तिनं लिहिलाय." बस. तीन शब्द, आणि तिन्ही खरे. खोटं बोलला असतात तर मी निदान तुम्हाला खोटारडा म्हटलं असतं. हा केसानं गळा कापायचा प्रकार मी तोवर नुसता ऐकला होता. साहेब म्हणाले, असं अंदाजे काम करून चालत नाही. झालं. महिन्याभरात मला टेस्टिंगला टाकलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालतं का ते बघायचं, तक्त्यात टिक करायची. सहा वर्षं मी ते केलं. गाभ्याजवळ मला पुन्हा कुणी फिरकू दिलं नाही. पोरांनी माझं नाव 'अंदाजे मॅडम' पाडलं. कँटीनमध्ये एकानं तसं म्हटलं तेव्हा तुम्ही त्याच टेबलावर होता, सर. तुम्ही हसलात. मोठ्यानं नाही, पण हसलात.

मीटिंगनंतर दोन दिवसांनी तुम्ही जेवायला खाली आलात. आईनं कांद्याची पात केली होती. मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, सर, माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं, मला माफ करा. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता थांबली. तुम्ही ताटाकडेच बघत होता. म्हणालात, "होतं असं. शिकायचं त्यातून." आणि जेवलात. दोन भाकऱ्या जेवलात. आठवड्यानं तुम्ही तुमचा तो जड, खडखड वाजणारा कीबोर्ड मला आणून दिलात, जो तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. म्हणालात, "माझ्यापेक्षा तुझ्या बोटांना शोभेल." मी तो आज चौदा वर्षं वापरतेय. नवीन ऑफिसात गेले, घर बदललं, लग्न झालं, तो मी कधी पोत्यात टाकला नाही, मांडीवर घेऊन गेले. आता कळतं की ती भरपाई होती. लाच म्हणणार होते, पण आई रागावली असती.

बोलायला तुम्हाला वेळ नव्हता असंही नाही. नंतर दोन वर्षं तुम्ही त्याच स्टुलावर जेवत होता. कावीळ वाढली आणि दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी रोज संध्याकाळी येत होते. तुम्हाला बोलता येत होतं. चांगलं येत होतं. सलाइनच्या थेंबांचा वेग चुकलाय म्हणून तुम्ही नर्सबाईला दोनदा हटकलंत, मनगटावरच्या घड्याळावर मोजून दाखवलंत. ती बिचारी म्हणाली, काका, बरोबर आहे हो. तुम्ही म्हणालात, "बरोबर नाही, मोजा." आणि खरंच चुकलेलं निघालं. एका थेंबाची चूक तुम्हाला खपली नाही, आणि पलंगाशेजारी मी बसलेले असायचे, मोसंबी सोलत. तुम्ही गेल्यावर तुमची बायको आली आणि तुम्हाला गावी घेऊन गेली, त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही.

गेल्या रविवारी जांब्याला गेले. आई आता गॅसवर करते, पण भाकरी तशीच. मी तिला सगळं सांगितलं, तुमचा शेरा तोंडपाठ म्हणून दाखवला. वाटलं होतं, ती म्हणेल, असं कसं केलं सायबानं. ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय." मी म्हटलं, काय माहीत आहे? "त्येच. चूक त्येची व्हती, त्ये." मला आधी कळेचना. ती म्हणाली, "तू माफी मागितलीस ना, त्येच्या दुसऱ्या दिशी. तू हापिसात गेलीवतीस. त्यो आला आन हितं भुईवर बसला. ढसाढसा रडला बघ. म्हनला, वहिनी, माज्यापायी पोरीला बोलनी बसली. मी म्हनलं, मग जा की, सांग सायबाला. तर म्हनला, आत्ता बोललो तर नोकरी जातीया, गावाकडं दोन लेकरं हायेत. उद्या परवा सांगतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी ओरडलेच. शेजारची खोली ऐकत असणार.

"त्येनं शपथ घातलीवती." मग परातीतलं पीठ गोळा करत म्हणाली, कारण खोटी सबब तिला फार वेळ धरता येत नाही, "आन मला बी वाटलं, बरंच झालं. तुझा जीव त्या मशीनीतून निघंल. लगीन करशील. तवा तसं वाटलं बाई. आता काय सांगू." मी तिला नाही नाही ते बोलले, सर. म्हटलं, घरातल्याच दोन माणसांनी मला विकून खाल्लं. तिनं पुढची भाकरी थापली. जाताना तिनं नेहमीसारख्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, आणि मी त्या घेतल्या.

काल ती ओळ दुरुस्त केली. आता प्रश्न कर्नेलपर्यंत जातो, कर्नेल जे सांगेल ते त्याच्याच पानावर येतं. खेपही वाचते आणि उत्तरही खरं. तुम्हाला अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. आमच्याकडे कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा आहे, इंग्रजीत तिचं नावच 'ब्लेम' आहे. ती दिली की तुमचं नाव समोर येतं. दुरुस्तीसोबत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं होतं: अमक्यानं जाणूनबुजून चुकीचं उत्तर ठेवलं, त्याचं खापर दुसऱ्यावर फुटलं. पूर्ण वाक्य, तुमच्या नावानिशी. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. मग पुसलं आणि लिहिलं, 'जुनी चूक दुरुस्त केली.'

हे पत्र तुमच्या बायकोला पाठवायचं असं मी ठरवलं होतं. त्यांचा पत्ता आईकडे होता, तो आणला. मुलं आता मोठी झाली असतील, त्यांनाही कळू दे आपला बाप कसा होता. पाकिटावर पत्ता लिहून झालाय. पण इथपर्यंत लिहीत आले आणि माझ्या लक्षात आलं की मी आईशी, नवऱ्याशी आणि या कागदावर तुमच्याशीही एक गोष्ट लपवून भांडतेय.

प्रोग्रॅम कर्नेलला काय काय विचारतो, त्याची ओळीनं यादी काढून देणारं एक साधन असतं. सुपरवायझरचा फोन आला त्या संध्याकाळी कारखान्यातून परत आल्यावर मी ते लावलं होतं. फाइल उघडली, मेमरी मागितली, झडपेशी बोलला, सगळं यादीत होतं. घड्याळ किती बारीक, हा प्रश्न यादीत नव्हता. तो कर्नेलला कुणी विचारलाच नव्हता. आणि कर्नेलनं लिहिलेलं उत्तर बोर्डच्या घड्याळाशी इतकं फटकून असणं शक्य नव्हतं. म्हणजे उत्तर तुमच्या डब्यातलं होतं. अर्ध्या तासात मला कळलं, सर. मी यादी छापून घेतली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो कागद माझ्या पर्समध्ये होता. तुम्ही "चेक तिनं लिहिलाय" म्हणालात तेव्हा माझा हात पर्सच्या चेनवर होता. मला वाटलं, ह्यांच्या हातून नकळत राहिलंय, ह्यांना अजून माहीत नाही. आत्ता लक्षात येईल आणि हे स्वतःच बोलतील. आपण कशाला चारचौघांत त्यांना उघडं पाडायचं. दोन दिवस वाट बघितली. मग स्वयंपाकघरात माफी मागितली, ती तुम्ही मला मधेच थांबवाल म्हणून. तुम्ही दुसरी भाकरी मागून घेतलीत, तेव्हा मी मागच्या दारी जाऊन तो कागद बंबात घातला.

घोळ तुमचा होता हे मला त्याच दिवसापासून माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, हे मात्र या महिन्यातच कळलं. आईवर ओरडताना मी हे सांगितलं नाही. तिला अजूनही वाटतंय की तिघांत मी एकटीच भाबडी होते.

हे शेवटचं पान जोडून पाठवलं तर तुमची बायको म्हणेल, केवढं मन या मुलीचं, आमच्या माणसाला वाचवलं तिनं. तसं नव्हतं ते. तुम्हाला वाचवायचं माझ्या मनातही नव्हतं, सर. तुम्ही मला वाचवता की नाही, तेवढंच मी बघत होते.